फॉर्म नाही, म्हणून हक्क नाही?

जानेवारी उजाडला की दादरच्या नोकरदार घरांतून कपाटे उपसली जातात. ऑफिसात प्राप्तिकराच्या वजावटीचे पुरावे द्यायचे असतात. विम्याची पावती सापडते, पीएफचा आकडा पगारपत्रकावर असतो. गाडी अडते ती कॉलेजच्या फीपाशी.

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींचे असेच झाले. मुलाची फी मोबाइलवरून भरलेली. ऑफिसातला हिशेबनीस म्हणाला, "कॉलेजकडून ठरावीक नमुन्यातला दाखला आणा." कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळाले, "असा नमुना आमच्याकडे नाही." या हेलपाट्यांत दोन अर्ध्या रजा गेल्या. माझी हयात हिशेबखात्यात गेलेली. त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आले.

मी म्हटले, "वहिनी, असा नमुना कायद्याने ठरवूनच दिलेला नाही!"

अमेरिकेत कॉलेजे '१०९८-टी' नावाचा फॉर्म देतात. पण तो देणे कॉलेजला बंधनकारक नसेल, तर तिथेही फी भरल्याच्या पुराव्यावर सवलत मागता येते. आपल्याकडे तर मुख्य पुरावा म्हणजे फीची पावतीच.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्यात ही वजावट कलम ८० सी खाली होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात ती कलम १२३ मध्ये आहे. भारतातल्या शाळा-कॉलेजातले पूर्णवेळ शिक्षण, जास्तीत जास्त दोन मुले, आणि पीएफ-विमा धरून एकूण मर्यादा दीड लाख रुपये. वजावट फक्त शिक्षण शुल्काची. देणगी आणि विकास निधी वगळायचा. दादरला पावलोपावली क्लासेसच्या पाट्या दिसतात. त्यांची फीही यात बसत नाही. म्हणून पावतीवर फीची फोड हवी. नुसता एकच आकडा असेल, तर कॉलेजकडून साध्या कागदावर सही-शिक्क्यासह फोड मागावी.

वहिनींनी तेच केले. सोबत बँक खात्याचा उतारा जोडला आणि हिशेबनीसाने कागद ठेवून घेतले. त्याने नाकारले असते, तरी विवरणपत्र भरताना वजावट मागता आलीच असती. तिथे तपशील भरायचा असतो, पावती जोडायची नसते. मात्र विचारणा झाली तर ती दाखवता आली पाहिजे.

एक पथ्य मात्र पाळायचे. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून काही न कळवल्यास नवीच प्रणाली लागू होते. तेव्हा दोन्हींचा हिशेब मांडून, जुनी फायद्याची असेल तर मुदतीत निवडावी. आई-वडील दोघे कमावते असतील, तर ज्याने जेवढी फी भरली, त्याने तेवढी दाखवावी.

मर्यादेत जागा असेल, तर तीस हजारांच्या शिक्षण शुल्कावर वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ६,२४० रुपये वाचतात. मध्यमवर्गीय घरात एवढ्यात मुलाची वर्षाची पुस्तके येतात. ती रक्कम एका नसलेल्या फॉर्मपायी का सोडायची?