टर्बो गाडीचा एक्झॉस्ट: तयार किट घ्यायचं की बनवून घ्यायचा?

हा आपल्या ताज्या एपिसोडचा मजकूर. ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, त्यांनी वाचा.

परवा मंडईत चहा घेताना एका श्रोत्याने मला गाठलं. नुकतीच सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतलीय. म्हणाला, "दादा, एक्झॉस्ट बदलायचाय. तयार किट मागवू की इथेच बनवून घेऊ?" मी विचारलं, "तुला पॉवर हवीय की आवाज?" तो हसला. "दोन्ही!"

तर आजचा विषय हाच. पोलो जीटी टीएसआय ही आपल्या चाकणची गाडी. २०१३ साली आली तेव्हा १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस. २०२० मध्ये १.० लिटर, तीन सिलिंडर, ११० पीएस. २०२२ मध्ये पोलो बंद झाली. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, हे भांडण नंतर करू. एक्झॉस्टचं गणित मोठ्या टर्बो गाड्यांनाही तेच लागू होतं.

टर्बोमध्ये वेगळं काय?

इंजिनातून निघालेला गरम वायू टर्बोचं चाक फिरवतो. चाकाच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी, या फरकावरच ते फिरतं. म्हणून "इंजिनला थोडं बॅकप्रेशर लागतंच" हे कट्ट्यावरचं ज्ञान इथे विसरा. टर्बोच्या पुढे रस्ता जितका मोकळा, तितकं चांगलं.

टर्बोला लागून असतो डाउनपाइप. बहुतेक आधुनिक टर्बो पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे 'कॅट', तिथेच बसवलेला असतो. त्याच्या मागे मधला पाइप, रेझोनेटर आणि शेवटी मफलर. कॅटच्या मागचं सगळं बदललं तर त्याला म्हणतात कॅट-बॅक. नुसत्या कॅट-बॅकने आवाज बदलतो, पॉवर फारशी वाढत नाही. ज्याला "दोन्ही" हवंय, त्याने हे आधी ऐकावं.

तयार किट

किट एका ठरावीक मॉडेलसाठी बनतं. चांगल्या कंपनीने ते त्या गाडीवर बसवून, मोजून पाहिलेलं असतं. पाइप मँड्रेल बेंडने वाकवलेले असतात, म्हणजे वळणावर व्यास चेपत नाही. तक्रार कुणाकडे करायची, हेही माहीत असतं.

अडचण एकच. परदेशातल्या पोलोसाठी बनलेलं किट आपल्या पोलोला बसेलच असं नाही. इंजिन वेगळं, स्टिअरिंगची बाजू वेगळी, आणि पाइप जरा खाली लोंबला की आपले स्पीडब्रेकर आहेतच.

बनवून घेतलेला

इथे फॅब्रिकेटर तुमच्याच गाडीखाली माप घेऊन पाइप वेल्ड करतो. हँगर नेमके बसतात, ग्राउंड क्लिअरन्स सांभाळता येतो. पण सगळा भरवसा एका माणसाच्या हातावर. त्याला तीन प्रश्न विचारा.

एक, स्टील कुठलं? ३०४ ग्रेडचं स्टेनलेस गंजायला वेळ घेतं. साधं लोखंड लवकर सडतं.

दोन, वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आरगॉन सोडतोस का? नाही सोडला तर आतली बाजू जळून खरखरीत होते आणि पुढे तिथेच तडा जाऊ शकतो.

तीन, गरम झाल्यावर पाइप वाढायला जागा ठेवलीस का? दीड मीटरचा स्टेनलेस पाइप ४०० अंशांनी तापला की साधारण १ सेंटिमीटर लांबतो. फ्लेक्स जॉइंट नसेल तर तो ताण वेल्डवर येतो.

आणि "मोठा पाइप म्हणजे भारी" असं नसतं. २ इंचावरून अडीच इंचावर गेलात की आतली जागा ५६ टक्के वाढते. छोट्या इंजिनला एवढी लागतेच असं नाही, आवाज मात्र हमखास वाढतो.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझ्या आधीच्या चार सिलिंडर गाडीला एका वर्कशॉपमध्ये पाइप बनवून घेतला. पहिला दिवस मस्त. दुसऱ्या दिवशी एक्सप्रेसवेवर ३,००० आरपीएमला केबिनमध्ये असा घुमारा सुरू झाला की लोणावळा येईपर्यंत डोकं धरलं. कारण साधं आहे: चार सिलिंडर इंजिनात ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट होतात, म्हणजे १०० हर्ट्झचा सूर. तो मारायला साधारण सव्वा मीटरची, एका टोकाला बंद असलेली नळी बाजूला जोडतात. दुसऱ्या कारागिराने तशी जोडून दिली तेव्हा कुठे सुटलो. इथे कस्टमचा खरा फायदा कळतो: दुखणं ओळखून औषध करता येतं. पण ओळखणारा हवा.

कॅट काढू का?

नाही. तो काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग रीमॅप करून तो दिवा झाकला जातो. धूर मात्र तसाच राहतो. मंडईच्या बाहेर पथारीवाल्या मावशी जमिनीवर बसतात. त्यांचं नाक आणि आपल्या गाडीचा टेलपाइप जवळपास एकाच उंचीवर असतो. गर्दीत गाडी दहा मिनिटं उभी राहिली, तर न जळालेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड थेट त्यांच्या श्वासात जातं. माझी आजी तिथेच पालेभाजी विकायची. तेव्हापासून हा मुद्दा माझ्यासाठी वादाचा नाही.

कायदाही ऐका. गाडी विक्रीला येण्याआधी तिचा आवाज आणि धूर तपासला जातो. आपल्या टेकडीवरची एआरएआय हेच काम करते. नंतर नियमबाह्य बदल केला तर मोटार वाहन कायद्याने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-धुराची मर्यादा मोडली तर दंड १०,००० पर्यंत. किटवर परदेशी शिक्का आहे म्हणून इथे आपोआप चालतं, असं नाही. पुंगळी काढलेल्या बुलेटवाल्यांना हे विचारा.

मग मी त्याला काय सांगितलं?

तुझ्याच मॉडेलवर तपासलेलं, आवाज कंपनीच्या जवळपास ठेवणारं कॅट-बॅक किट मिळालं तर तेच घे. मिळालं नाही तरच बनवून घे, आणि आधी त्या कारागिराने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली गाडी खालून बघ. कॅटला हात लावू नकोस. आणि खरंच वेग हवा असेल तर आधी टायर बदल.

तो म्हणाला, "दादा, मग मंडईत कळणार कसं मी आलोय ते?"

म्हटलं, हॉर्न आहे की! तोही जपून वाजव.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.