न चावताही होणारी इजा

दिवाळीनंतर कराडच्या आसपास, कृष्णा-कोयनेच्या काठच्या मोकळ्या रानांत मेंढरांचे कळप दिसू लागतात. माण, खटाव, आटपाडी अशा कमी पावसाच्या भागांतील धनगर मेंढपाळ चाऱ्यासाठी कळप घेऊन बाहेर पडतात. रात्री मेंढरे शेतात बसविली, की लेंड्यांचे खत शेतकऱ्याला आयते मिळते.

अशा दिवसांत तुम्ही आपला कुत्रा घेऊन आगाशिवाच्या पायथ्याकडे फिरायला गेलात, असे समजा. कुत्रा हातातून सुटला आणि कळपामागे धावला. थोड्या वेळाने तो शेपूट हलवीत परत आला. त्याने एकाही मेंढीला दात लावला नाही. तरी मेंढपाळ संतापला. का बरे?

मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांतील बाहुली आडवी असते. त्यामुळे मान न वळविता तिला सभोवतालचा 270 अंशांहून अधिक भाग दिसतो. ती मान खाली घालून चरू लागली, की डोळे खोबणीत फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे चरतानाही तिचा पहारा चालूच असतो. शत्रू ठराविक अंतराच्या आत आला, की ती पळते. या अंतराला पलायन-अंतर म्हणतात. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी वन्य प्राण्यांच्या बाबतीत त्याचा अभ्यास केला होता.

आता कुत्र्याकडे पाहू. तो लांडग्याचा वंशज. नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग करणे या लांडग्याच्या शिकारीच्या पायऱ्या त्याच्यात अजून शिल्लक आहेत. त्याच्या दृष्टीने हा खेळ असेल. मेंढीला मात्र लांडगाच दिसतो. ती पळाली, की त्याला अधिकच चेव येतो.

भीतीने मेंढीच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन हे संप्रेरक मिसळते, हृदय जोरात धडधडते, धावण्याने स्नायू तापतात. अंगावर लोकर असल्याने ही उष्णता तिला मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते. मेंढी सुमारे पाच महिने गाभण असते. या काळात अशी धावपळ झाली, तर ती गाभडू शकते. चेंगराचेंगरीत कोकरे तुडविली जातात, आयांपासून दुरावतात. मेंढपाळाचे वर्षाचे उत्पन्न असे न चावताही बुडते.

मग मेंढपाळाच्या कुत्र्याला मेंढरे का भीत नाहीत? तो पिल्लू असल्यापासून त्यांच्यातच वाढलेला असतो. कुत्र्याच्या आयुष्यातील तिसरा ते बारावा आठवडा सोबती ओळखण्याचा असतो. त्या काळात ज्यांचा सहवास लाभतो, त्यांना तो आपले मानतो.

आणखी एक इजा तर डोळ्यांना दिसतही नाही. काही कुत्र्यांच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि मेंढीच्या पोटात जातात. तिच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी होतात. अशा मेंढीचे कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले, की चक्र पूर्ण होते. ही अंडी माणसाच्या पोटात गेली, तर त्यालाही अशा गाठी होतात.

म्हणून कळप दिसताच कुत्र्याला आखूड साखळीवर घ्यावे आणि लांबून वळसा घालून जावे. त्याची विष्ठा रानात टाकून येऊ नये. पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याला जंताचे औषध द्यावे व रेबीजची लस टोचून घ्यावी. वासरू असलेल्या गाईजवळून तर मुळीच जाऊ नये. ती कुत्र्यावर धावून आलीच, तर साखळी सोडून द्यावी. कुत्रा पळून जाऊ शकतो. त्याला धरून ठेवले, तर गाय तुमच्याच अंगावर येईल.

करून पाहा : मेंढपाळाची परवानगी घेऊन, कुत्रा बरोबर न नेता, कडेला चरणाऱ्या एखाद्या मेंढीकडे हळूहळू चालत जा. ती मान वर करील तेथेच थांबा, पुढे जाऊ नका. तेथून तिच्यापर्यंतचे अंतर पावलांत अंदाजा आणि वहीत लिहा. केवळ तुमची चाहूल तिला एवढ्या लांबून लागते. मग धावत येणारा कुत्रा तिला कसा वाटत असेल?