रहस्यकथाकार टोनी हिलरमन

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकांस गुन्ह्याचा छडा लावण्यातील रंगत सांगावयास नको. परंतु अशा कथेतून एखाद्या आदिवासी समाजाची श्रद्धाही उलगडू शकते, हे अमेरिकन कॅथलिक लेखक टोनी हिलरमन यांनी दाखवून दिले.

त्यांचा जन्म २७ मे १९२५ रोजी ओक्लाहोमा राज्यातील सेक्रेड हार्ट या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तेथे सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या धर्मभगिनी आदिवासी मुलींसाठी शाळा चालवीत असत. टोनी त्याच शाळेत शिकले. पोटावाटोमी व सेमिनोल मुले त्यांचे सवंगडी होते.

दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये गंभीर जखमी झाले. १९४५ साली रजेवर मायदेशी आले असता, मालमोटार चालवीत ते नवाहो जमातीच्या राखीव प्रदेशातून जात होते. तेथे युद्धावरून परतलेल्या नवाहो जवानांसाठी चाललेला एक विधी त्यांच्या दृष्टीस पडला. शत्रूच्या व मृत्यूच्या सान्निध्याने माणसाचे सृष्टीशी असलेले सुसंवादी नाते बिघडते, आणि ते पुन्हा जुळवावे लागते, अशी त्या लोकांची धारणा आहे. या सुसंवादाला ते 'होझो' म्हणतात. स्वतः रणांगणावरून परतलेल्या त्या तरुणाच्या मनात तो प्रसंग कायमचा घर करून राहिला.

पुढे ते पत्रकार झाले व सांता फे येथील 'न्यू मेक्सिकन' या दैनिकाच्या संपादकपदापर्यंत पोहोचले. घरी सहा मुले, त्यांपैकी पाच दत्तक! तरीही पत्नी मेरी यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी ती नोकरी सोडली, पुन्हा विद्यार्थी झाले, आणि १९६६ ते १९८७ या काळात न्यू मेक्सिको विद्यापीठात पत्रकारितेचे अध्यापन केले.

त्यांची पहिली कादंबरी 'द ब्लेसिंग वे' १९७० साली प्रसिद्ध झाली. त्यातील आदिवासींचा भाग काढून टाकावा, असा सल्ला त्यांच्या साहित्य-प्रतिनिधीने दिला होता. तो भाग काढला असता तर उरले असते ते केवळ आणखी एक खूनप्रकरण! कारण हिलरमन यांच्या कथेत गुन्हा म्हणजे होझोचा भंग होय. त्यांचा पोलीस अधिकारी जो लीपहॉर्न विचाराने संशयवादी असला तरी घटनांच्या मुळाशी असलेली संगती शोधतो. जिम ची हा तरुण अधिकारी तर पोलीस खात्यात राहून नवाहो विधींचा मंत्रगायक होऊ पाहतो, आणि या दोन वाटांमधील त्याची ओढाताण पुष्कळदा मूळ रहस्यापेक्षाही अधिक गुंतवून ठेवते. 'डान्स हॉल ऑफ द डेड' या कादंबरीस १९७४ साली रहस्यकथांसाठीचा प्रतिष्ठित एडगर पुरस्कार लाभला.

परक्या धर्माचे विधी रंजनासाठी वापरण्याचा मोह लेखकांना सहज होतो. हिलरमन अखेरपर्यंत श्रद्धावान कॅथलिक राहिले, आणि म्हणूनच की काय, पवित्र गोष्टींपाशी आवाज खाली आणावा लागतो हे त्यांना ठाऊक होते. १९८७ साली नवाहो जमातीने त्यांना आपला 'विशेष मित्र' म्हणून गौरविले. अन्य सन्मानांपेक्षा हा सन्मान आम्हाला मोठा वाटतो.

२६ ऑक्टोबर २००८ रोजी आल्बुकर्की येथे त्यांचे निधन झाले. या मालिकेत त्यांनी अठरा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. २०१३ पासून त्यांची कन्या अॅन यांनी ती मालिका पुढे चालविली आहे.