मृदू क्रीडागृह आणि अंगण : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

मोठ्या शहरांतील व्यापारी संकुलांत लहान मुलांसाठी एक नव्या प्रकारची खेळाची जागा अलीकडे रूढ झाली आहे. चारी बाजूंनी जाळीने बंदिस्त केलेले एक दालन, त्यात मऊ गाद्यांच्या पायऱ्या, बोगदे, घसरगुंड्या आणि प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूंनी भरलेला एक हौद, असे तिचे सामान्य स्वरूप असते. व्यवहारात तिला ‘सॉफ्ट प्ले’ किंवा ‘किड्स झोन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘मृदू क्रीडागृह’ असे संबोधिले आहे. नंदुरबार व नवापूर ही गावे सुरत–भुसावळ लोहमार्गावर असल्यामुळे येथील अनेक कुटुंबांचे खरेदीच्या वा नातलगांच्या निमित्ताने सुरतेस जाणे-येणे असते, आणि मुलांचा हात धरून अशा दालनात शिरण्याचा प्रसंग त्यांना तेथे येतो. या खोलीत मुलास नेमके काय लाभते, आणि त्या लाभाचे श्रेय कितपत खोलीचे व कितपत अन्य कशाचे, हा प्रश्न बालशिक्षणाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. ज्या जिल्ह्यातील बहुसंख्य मुले अशा दालनात कधीही पाऊल टाकणार नाहीत, त्या जिल्ह्यात तर तो अधिकच अगत्याचा आहे.

प्रथम या कल्पनेचा उगम पाहू. कॅनडातील टोरांटो शहरी ‘आँटॅरिओ प्लेस’ या उद्यानात १९७२ मध्ये मुलांसाठी एक ‘बालग्राम’ उघडण्यात आले. त्याची रचना एरिक मॅकमिलन या इंग्लंडात जन्मलेल्या रचनाकाराने केली होती. चढणे, लोळणे, उड्या मारणे, घसरणे या मुलांच्या स्वाभाविक क्रियांना मुक्त वाव द्यावा आणि पडण्याचे भय मऊ पृष्ठभागाने निवारावे, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे हीच कल्पना छपराखाली आली, तिला प्रवेशशुल्क जडले आणि तिचा जगभर व्यापार झाला. मूळ कल्पना मात्र करमणुकीपेक्षा शरीरव्यापाराच्या निरीक्षणातून निघालेली होती, हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

मऊपणा काम कसा करतो, हे साध्या गणिताने समजते. एक मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीशी पोचते तेव्हा त्याचा वेग सेकंदास सुमारे ४.४ मीटर असतो. हा वेग फरशीवर एका सेंटीमीटरच्या अंतरात नाहीसा झाला, तर शरीरास बसणारा सरासरी प्रतिरोध गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट होतो. तोच वेग दहा सेंटीमीटर दबणाऱ्या गादीवर नाहीसा झाला, तर तो दहापट इतकाच राहतो. पडण्याची उंची तीच, मुलाचे वजन तेच. थांबण्यास मिळालेले अंतर तेवढे वाढले. फेसाळ रबरासारख्या पदार्थाची गादी आणि तिच्यावरील विनाइलचे धुता येणारे आच्छादन या सर्वांचे प्रयोजन हे अंतर वाढविणे एवढेच आहे. चेंडूंच्या हौदाचे काम थोडे वेगळे असते. तेथे प्रत्येक चेंडू बाजूला सरकतो, मुलाच्या अंगाचा भार अनेक ठिकाणी विभागला जातो, आणि पाय रोवण्यास स्थिर आधार नसल्यामुळे मुलाला सारखा तोल सावरावा लागतो. दोन-तीन वर्षांच्या मुलास हौद ओलांडताना जे श्रम पडतात, ते याच कारणाने.

वाचकांपैकी ज्यांचे बालपण खानदेशात गेले असेल, त्यांना हे तत्त्व अपरिचित वाटणार नाही. वेचलेला कापूस घरात साठविला की त्या ढिगात लोळण्याचा मोह कोणत्या मुलास आवरला आहे? कडब्याच्या गंजीवरून घसरणे आणि नदीच्या वाळूत उड्या मारणे हीही मृदू क्रीडागृहाचीच जुनी रूपे होत. मात्र त्या ठिकाणी घरातील वडीलधारी माणसे ओरडत असत, आणि त्यांच्या ओरडण्यास आधार होता. कापसाच्या ढिगात लहान मुलाचा श्वास कोंडू शकतो आणि कापूस पेट घेण्यास विलंब लागत नाही.

हीच गोष्ट नव्या क्रीडागृहासही लागू पडते. मऊपणा एकाच संकटाचे निवारण करतो, ते म्हणजे पडण्याचे. इतर संकटे तो दूर करीत नाही. काही वेळा त्यांकडे दुर्लक्ष करावयास मात्र लावतो. गाद्यांतील फेसाळ पदार्थ ज्वालाग्राही असू शकतो आणि जाळीने वेढलेल्या दालनातून बाहेर पडण्याचे मार्ग थोडे असतात. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील एका खेळसंकुलास आग लागून पंचवीसहून अधिक माणसे प्राणास मुकली, त्यांत मुलेही होती. ते संकुल मृदू क्रीडागृहापेक्षा वेगळ्या प्रकारचे होते. परंतु खेळाच्या जागेत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवावा, हा धडा दोहोंस समान आहे. दुसरे संकट जंतूंचे. अमेरिकेतील फिजिओथेरपी केंद्रांत मुलांच्या उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या चेंडूंच्या हौदांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत चेंडूंवर रोगकारक जंतूंची मोठी वस्ती आढळली. आत शिरताना पायमोजे घालावयास लावतात आणि खाण्याचे पदार्थ बाहेर ठेवावयास सांगतात, ते याचसाठी. तिसरे संकट आकारमानाचे होय. दोन वर्षांच्या मुलावर आठ वर्षांचा मुलगा येऊन आदळला, तर खालची गादी काय करणार?

आता या दालनात मुलाबरोबर येणाऱ्या पालकाकडे वळू. तो बहुधा कडेच्या बाकावर बसलेला असतो. जमीन मऊ आहे, जाळी आहे, राखणदार आहे, तेव्हा आपले काम संपले, अशी त्याची समजूत होते. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे माझे मत आहे, आणि त्यास आधार आहे तो एका अगदी निराळ्या ठिकाणी झालेल्या प्रयोगाचा.

जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिने वयाची, उंची खुंटलेली १२९ मुले निवडली व त्यांचे चार गट केले. एका गटास पूरक आहार दिला. दुसऱ्या गटातील मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा जाई आणि घरीच बनविलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, हे आईस दाखवी. तिसऱ्यास दोन्ही दिले, चौथ्यास यांपैकी काहीच दिले नाही. दोन वर्षांनी आढळले ते असे की, आहार व खेळ या दोहोंचा मुलांच्या विकासास स्वतंत्र लाभ झाला होता, आणि ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची प्रगती सर्वांत अधिक होती. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ती मुले बाविसाव्या वर्षात पोचल्यावर पुन्हा पाहणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. त्या घरांत मऊ गाद्या नव्हत्या की चेंडूंचा हौदही नव्हता. मुलासमोर बसलेली आई होती.

नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व सांगावयास नको. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती, आणि तीत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. अक्कलकुवा व अक्राणी या डोंगराळ तालुक्यांचे नाव बालकांच्या कुपोषणाच्या संदर्भात वारंवार घेतले जाते. साहजिकच अंगणवाडीकडे सर्वांचे लक्ष असते ते वजनकाटा व आहार यांच्या दृष्टीने. वास्तविक २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही आरंभापासूनची एक सेवा आहे. पण पोट रिकामे असता खेळ ही चैन होय, अशी समजूत व्यवहारात प्रबळ ठरते. किंग्स्टनचा प्रयोग ती खोडून काढतो. ज्या मुलास अन्न कमी पडले, त्यास खेळ अधिक हवा.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार मुळीच नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणातच शाळा भरू लागली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया व पाने आली. ही काटकसर होती हे खरे, पण तिच्यात शिक्षणशास्त्रही होते. सायमन निकल्सन या इंग्रज रचनाकाराने १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, एखाद्या जागेतील हलविता व बदलता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या अधिक, तितका तेथे कल्पकतेस वाव अधिक. कोसबाडच्या अंगणात ही गोष्ट आधीच घडत होती. मृदू क्रीडागृहात मात्र चेंडू सोडले तर सर्व काही जागच्या जागी बांधलेले असते. मूल तेथे चढते व घसरते, पण काही रचीत नाही.

मग नंदुरबारच्या अंगणवाडीने मृदू क्रीडागृहापासून काहीच घेऊ नये काय? घ्यावे, आणि ते त्याचे मूळ तत्त्व घ्यावे. अंगणातील घसरगुंडी वा झोक्याखाली सुमारे ३० सेंटीमीटर खोलीचा खड्डा करून तो धुतलेल्या बारीक गोल वाळूने भरावा. दबून घट्ट झालेली वाळू अधूनमधून उकरावी आणि रात्री ती झाकून ठेवावी, म्हणजे कुत्री-मांजरे ती घाण करणार नाहीत. थांबण्याचे अंतर वाळूही वाढविते. शिवाय वाळू रचता येते, आणि हा गुण गादीत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा ही जागा सावलीत असावयास हवी, एवढे पथ्य पाळावे. ऊसतोडणीसाठी जी कुटुंबे दरवर्षी दक्षिण गुजरातेत जातात, त्यांच्या पडावावरही झाडाखाली असा वाळूचा चौक आणि मुलांजवळ बसणारी एक स्त्री एवढी सोय करता येण्यासारखी आहे. पावरी, मावची, भिली वा अहिराणी बोलणाऱ्या मुलास अंगणवाडीतील मराठी कळण्यापूर्वी वाळूची व चेंडूची भाषा कळते, हाही लाभ थोडा नव्हे.

शेवटी, जे पालक मुलांना घेऊन मृदू क्रीडागृहात जातात त्यांच्यासाठी दोन शब्द. गर्दीची वेळ टाळावी आणि लहानग्यांचा विभाग निराळा आहे की नाही ते पाहावे. मूल दुसऱ्या मुलाशेजारी पण स्वतंत्रपणे खेळत असेल, तर त्यास मिसळण्याची सक्ती करू नये. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले आहे की असा समांतर खेळ हा लहान वयातील खेळाचा एक स्वाभाविक प्रकार आहे. मूल चढण्यास कचरत असेल तर उचलून वर ठेवू नये. ज्या उंचीवर ते स्वतः चढते, त्या उंचीवरून उतरण्याचे धैर्यही ते स्वतःच मिळवीत असते. आणि मुख्य म्हणजे बाकावरून उठून, पायमोजे घालून, आत जावे. पडण्याची चिंता गादीने वाहिली असल्यामुळे आईबापांस घटकाभर निर्धास्तपणे मुलाशी खेळता येते, हाच त्या खोलीचा खरा उपयोग होय. तो ज्यांनी ओळखला त्यांना पुढील खेळासाठी सुरतेची गाडी पकडावी लागणार नाही. तो खेळ घरच्या अंगणातही मांडता येईल.