कीटकांची कात आणि स्टिरॉइड

‘डॉक्टर, या गोळीत स्टिरॉइड तर नाही ना?’ हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानावर येतो. स्टिरॉइड म्हणजे एखादे घातक औषध, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. वास्तविक ते रसायनांच्या एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत तयार होणारे कॉर्टिसॉल, स्त्रियांचे इस्ट्रोजेन, पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन ही सारी संप्रेरके याच कुटुंबातली. हे कुटुंब माणसापुरतेच आहे असेही नाही. स्वयंपाकघरातले झुरळ आणि हौदातली डासाची अळीसुद्धा स्टिरॉइडच्याच हुकमावर वाढतात.

कीटकाचे कवच कडक असते, ते आपल्या कातडीसारखे ताणत नाही. त्यामुळे वाढायचे म्हणजे जुने कवच टाकून नवे घ्यावे लागते. यालाच आपण कात टाकणे म्हणतो. रात्री मोरीत एखादे पांढरेफटक झुरळ दिसले, तर ती वेगळी जात समजू नका. नुकतीच कात टाकलेले ते साधे झुरळच असते. काही तासांत कवच कडक होऊन त्याचा रंग परत येतो.

कात टाकण्याचा हा आदेश देणाऱ्या संप्रेरकाचे नाव एक्डायसोन. जर्मनीत बुटेनान्ट व कार्लसन या शास्त्रज्ञांनी 1954 साली ते रेशीमकिड्यांच्या कोषांतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. 500 किलो कोषांतून हाती आले अवघे 25 मिलिग्रॅम! इतक्या सूक्ष्म प्रमाणात ते काम करते. हे संप्रेरक कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांपासून बनते. आपले यकृत कोलेस्टेरॉल स्वतः तयार करते. कीटकांना मात्र ही सोय नाही, त्यांना तो कच्चा माल अन्नातूनच मिळवावा लागतो.

एक्डायसोनच्या जोडीला दुसरे एक संप्रेरक असते. त्याला आपण बाल्य संप्रेरक म्हणू. रासायनिकदृष्ट्या ते स्टिरॉइड नव्हे. अंगात ते भरपूर असताना एक्डायसोनचा आदेश आला, तर अळी कात टाकते, पण अळीच राहते, फक्त मोठी होते. ते ओसरल्यावर तोच आदेश आला, की अळीचा कोष होतो व कोषातून पंख फुटलेला कीटक बाहेर पडतो. आदेश एकच, पण वेळ बदलली की परिणाम बदलतो.

आता रोगप्रतिकाराचे पाहू. कीटकांच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. जंतूंना गिळणाऱ्या पेशी आणि जंतुनाशक प्रथिने यांवर त्यांची भिस्त असते. फळांवर घिरट्या घालणाऱ्या माशीवरील प्रयोगांत असे दिसले, की एक्डायसोनमुळे ही प्रथिने बनवण्याची क्षमता वाढते, तर बाल्य संप्रेरकामुळे ती दबते. अळीचा कोष होताना जुने अवयव मोडून नवे घडत असतात. अशा नाजूक वेळी ही तयारी उपयोगी पडते. या माशीच्या प्रतिकारशक्तीचे कोडे उलगडणारे फ्रान्सचे ज्यूल्स हॉफमन यांना 2011 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

माणसात नेमके उलट आहे. कॉर्टिसॉलच्या जातीची औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. म्हणूनच ती दम्यात व संधिवातात गुणकारी ठरतात, आणि म्हणूनच मनाने घेतल्यास जंतुसंसर्गाला वाट करून देतात. ती बरेच दिवस चालू असतील, तर एकदम बंदही करू नयेत. कारण तोवर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते. डोस हळूहळू कमी करायचा, तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

ही सगळी माहिती आपल्या आरोग्याच्या कामी कशी येते? डासाच्या मादीने रक्त प्यायले, की तिच्या अंडाशयातून एक्डायसोन सुटते आणि त्यामुळे अंड्यांतील पिवळा भाग तयार होऊ लागतो. म्हणजे आपल्या रक्ताच्या एका थेंबातून डासांची पुढची पिढी उभी राहते. दुसरीकडे, मेथोप्रीन व पायरीप्रॉक्सिफेन ही औषधे बाल्य संप्रेरकाची नक्कल करतात. पाण्यात ती टाकली, की अळीचा धड डास होत नाही, ती कोषातच मरते. ही औषधे घरच्या घरी अंदाजाने वापरायची नव्हेत. ते काम आरोग्य कर्मचाऱ्यांनी ठरल्या मात्रेतच करायचे.

आपल्या हातात असलेला उपाय सोपा आहे. उबदार हवेत डेंग्यूच्या डासाची अळी चार अवस्था पार करून कोषात जाते व साधारण आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. रांजण, पिंप, कूलर, फ्रीजमागचे भांडे, कुंड्यांखालच्या ताटल्या त्या दिवशी रिकाम्या करा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. आतून घासणीने खसखसून घासा, मगच पाणी भरा व झाकण लावा. सातव्या दिवशी ही तजवीज झाली, तर एक्डायसोनचा शेवटचा आदेश सुटण्याआधीच अळीचा निकाल लागतो.