घराच्या भिंती

सकाळी महाबळेश्वर सोडलेला माणूस दुपारनंतर जतला सहज पोहोचतो. प्रवास एका दिवसाचा. परंतु तेवढ्यात हवापाण्याचे एक जग संपून दुसरे सुरू होते. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर जतकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. वाटेत खिडकीबाहेर नीट पाहिले, तर भूमीबरोबर घरांच्या भिंतीही बदलत गेलेल्या दिसतात. असे का व्हावे?

भिंत म्हणजे केवळ आडोसा नव्हे. तिला चार कामे करावी लागतात. छपराचा भार पेलणे, पावसाचे पाणी अडविणे, उन्हाचा ताप व थंडीचा कडाका बाहेर ठेवणे आणि धरणी हादरली तरी उभे राहणे, ही ती चार कामे होत. ही चारही कामे सारख्याच उत्तम रीतीने करणारा एकही पदार्थ नाही. म्हणून घर बांधणाऱ्यास निवड करावी लागते.

पूर्वी ही निवड गावची भूमीच करीत असे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर जांभा दगड सापडतो. खाणीतून काढताना तो बराच मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज पाडता येतात; पुढे हवेत राहून तो कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. म्हणून तिकडे पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे आच्छादन बांधण्याची रीत पडली. सह्याद्रीच्या पायथ्याशी काळा पाषाण विपुल. कृष्णाकाठी गाळाची माती, म्हणून तेथे विटा. माण, आटपाडी, जत या भागांत पांढरीच्या मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर धाब्याचे माळवद. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांचा अठराव्या शतकातील वाडा आहे. असे जुने वाडे पाहिले, की त्या काळच्या गवंड्यांचा विचार ध्यानी येतो. जोत्याला दगड, म्हणजे ओल वर चढत नाही; वर वीट किंवा माती, म्हणजे भार कमी होतो.

आता उन्हाचा विचार करू. वैशाखात भर दुपारी पत्र्याच्या खोलीत पाऊल टाका. जीव कासावीस होतो. शेजारच्या दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीआड गेलात, तर गारवा वाटतो. पत्रा पातळ असल्यामुळे उष्णता क्षणात आरपार जाते. जाड भिंत मात्र उष्णता हळूहळू पोटात साठविते. दुपारचा ताप आतल्या अंगास पोहोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरची हवा निवालेली असते.

उष्णता अडविण्याचा दुसरा उपाय आपल्या धनगर बांधवांच्या खांद्यावर असतो. घोंगडी ऊब देते ती केवळ लोकरीमुळे नव्हे, तर लोकरीच्या धाग्यांत अडकून राहिलेल्या हवेमुळे. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. भिंतीच्या पोटात अशी हवा कोंडून ठेवली, तर भिंत पातळ असूनही घर निवांत राहते.

मग जाड दगडी भिंत हीच सर्वांत चांगली, असे म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर सातारा जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगरच्या परिसरात भूकंप झाला. माणसे झोपेत होती. सुमारे 180 जणांचे प्राण गेले आणि हजारो घरे पडली. पुढे 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही ठिकाणी चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी मोठा घात केला. अशा भिंतीत बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा आणि मध्ये दगडगोटे व माती भरलेली असते. हादरा बसताच हे थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरचा बाहेर आणि आतला थेट झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळतो. उन्हापासून रक्षण करणारी भिंतच अशा वेळी वैरीण ठरली.

दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. दोन्ही थरांना जोडणारे लांब दगड ठिकठिकाणी आरपार बसविले, चिखलाऐवजी सिमेंटचा माल वापरला, कोपरे घट्ट सांधले आणि जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखाली सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरविला, तर घर पेटीसारखे एकसंध होते व हादरा पुष्कळ अंशी सोसते.

सांगलीकरांपुढे संकट निराळे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढले. पुरात दिवसन् दिवस बुडालेली कच्च्या विटांची भिंत विरघळून खचते. तेथे भाजलेली वीट, सिमेंटचा माल व उंच जोते हवे.

आज नवे पदार्थही हाताशी आले आहेत. सिमेंट, चुना व राख यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालून फुगविलेल्या ठोकळ्यांना एएसी ब्लॉक म्हणतात. त्यांत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. एक घनमीटर काळा पाषाण अडीच हजार किलोग्रॅमहून अधिक भरतो, तर तेवढाच हा ठोकळा सुमारे सहाशे. तो उष्णता अडवितो आणि हलकाही असतो. परंतु पाणी शोषतो, म्हणून बाहेरून चांगला गिलावा हवाच. साधी वीट उभी रचून मध्ये पोकळी ठेवण्याचीही एक रीत आहे. लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञांनी केरळात तिचा प्रसार केला. तिने विटाही वाचतात.

काही उपायांना तर फारसा खर्चही नाही. पश्चिमेकडील भिंतीवर दुपारचे ऊन पडते आणि पावसाळी वाराही बहुधा तिकडूनच येतो. त्या बाजूस पडवी काढली, छपराची पडळ लांब ठेवली किंवा थोड्या अंतरावर एखादे झाड लावले, तर भिंतीचे निम्मे कष्ट कमी होतात.

मुलांनो, शेजारचे घर सुंदर दिसते म्हणून तसेच आपले बांधणे, हे शहाणपण नव्हे. येथे पाऊस किती, ऊन किती, नदी किती जवळ, भूमी हादरणारी आहे काय, हे प्रश्न आधी विचारावे. रंग कोणता द्यावा, हा प्रश्न शेवटी. घर बांधताना केलेली चूक दिवसा दिसत नाही. ती कळते मुसळधार पावसात, पुरात किंवा एखाद्या पहाटे. आणि तेव्हा ती सुधारावयास वेळ उरलेला नसतो.