'वैल' : एक शब्द व इंधनाची काटकसर

बारामती व इंदापूरकडील जुन्या घरांतून चुलीलगत 'वैल' असे. चुलीतील जाळ आतल्या वाटेने ज्या दुसऱ्या तोंडाशी निघतो, तो वैल. 'चूल' हा शब्द संस्कृत 'चुल्ली'पासून आला. 'वैल' या शब्दात वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग सामावला आहे. तव्यावर भाकरी भाजत असता वैलावरील कालवण त्याच जळणावर शिजे. एवढी मंद आच पुरते कशी? एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. उकळत्या पाण्याची वाफ करण्यास मात्र सुमारे ५४०. म्हणून उकळीनंतर जाळ वाढविल्याने अन्न लवकर शिजत नाही. इंधन तेवढे वाफेबरोबर जाते. गॅसच्या शेगडीस वैल नाही. तेथे झाकण ठेवून आच मंद करावी. शब्द मागे पडला, तरी त्यातील शहाणपण मागे पडू नये.